पाहुण्यांचें वाय-फाय आणि घरचें माजघर

कोंकणांतील जुन्या घराची रचना पाहावी. अंगणांतून पायऱ्या चढून ओटीवर यावें, ओटीवरून माजघरांत, माजघरांतून स्वयंपाकघराकडे आणि तेथून परसदारीं. आलागेला ओटीवर बसतो. पाणी, गूळ, सुपारी त्यास तेथेंच मिळते. घरच्यांनीं बोलाविल्याखेरीज माजघराचा उंबरठा तो ओलांडीत नाहीं. हा दंडक कोणीं कागदावर लिहून ठेविलेला नसतो. तो घराच्या बांधणींतच असतो. अलीकडे अशा कित्येक घरांतून पर्यटकांना उतरावयास खोल्या देतात, आणि आलेला पाहुणा चहाच्याही आधीं वाय-फायचा पासवर्ड विचारतो. यजमान तो आनंदानें सांगतो, आणि त्याच्या ध्यानींमनीं नसतां एक परका मनुष्य थेट माजघरांत येऊन बसतो.

असें होण्याचें कारण साधें आहे. एकाच वाय-फायवर असलेलीं यंत्रें सामान्यतः एकमेकांपर्यंत पोंचूं शकतात. पाहुण्याचा मोबाइल, यजमानाच्या हिशेबाचा संगणक, प्रिंटर, अंगणांतील कॅमेऱ्यांचें चित्रण सांठविणारी पेटी, हीं सर्व एकाच बैठकीवर येतात. पाहुणा बहुधा सज्जनच असतो. परंतु त्याच्या मोबाइलांत कोणता उपद्रवी प्रोग्रॅम दडून बसला आहे, हें त्यालाही ठाऊक नसतें. कॅमेऱ्याच्या पेटीचा पासवर्ड कारखान्यांतून आला तसाच राहिला असेल, तर घरांत कोण केव्हां येतें-जातें, याचें चित्र परक्याच्या हातीं पडण्यास फारसे श्रम लागत नाहींत.

यावर राउटर बनविणाऱ्यांनीं एक सोय केलेली आहे. राउटर हा घराचा दरवान होय. त्याची एक बाजू बाहेरच्या रस्त्याकडे, म्हणजे इंटरनेटकडे असते व दुसरी घराकडे. पुष्कळ राउटरांत ‘गेस्ट नेटवर्क’ नांवाची कळ असते. ती दाबली असतां पाहुण्यांसाठीं निराळ्या नांवाचें वाय-फाय निघतें, आणि दरवान पाहुण्यांना रस्त्यावर जाऊं देतो, माजघरांत मात्र जाऊं देत नाहीं. घरांत एकच राउटर असेल तर एवढ्यानें काम भागतें.

अडचण दुसऱ्या राउटरापासून सुरू होते. चिऱ्याच्या जाड भिंतींतून वाय-फायच्या लहरी क्षीण होत जातात; भिंत पावसाळ्यांत ओली झाली म्हणजे अधिकच. म्हणून यजमान दुसरा राउटर आणून मागच्या खोल्यांपाशीं ठेवितो, पहिल्यापासून तेथवर तार ओढतो आणि त्यास ॲक्सेस पॉइंट म्हणून चालवितो. हें करणें योग्यच आहे. घरांत पत्ते वांटणारे दोन दरवान असले म्हणजे गोंधळ माजतो. परंतु ॲक्सेस पॉइंट झालेला राउटर दरवानकी सोडून देतो. यंत्रांना पत्ते तो देत नाहीं, कोणाला अडवीत नाहीं. तारेवरून आलेलें हवेंत सोडणें व हवेंतलें तारेवर घालणें, एवढेंच त्याचें काम उरतें.

आतां अशा यंत्रावर पाहुण्यांचें वाय-फाय काढलें तर काय होईल? परसदारीं एक खोली बांधली, तिच्या दारावर ‘पाहुण्यांसाठीं’ अशी पाटी लाविली, पण त्या खोलींतून रस्त्याकडे जाणारी वाट माजघरांतूनच काढली, तसाच हा प्रकार होय. नांव निराळें, पासवर्ड निराळा, वाट मात्र तीच. म्हणूनच पुष्कळ राउटरांत ॲक्सेस पॉइंटची कळ दाबतांच गेस्ट नेटवर्कची कळ नाहींशी होते. यजमानास वाटतें, यंत्र बिघडलें. वास्तविक तेथें यंत्र प्रामाणिकपणें वागलेलें असतें. खरा धोका जेथें ती कळ राहते पण अडवणूक राहत नाहीं, तेथें आहे. ‘आयसोलेशन’ नांवाची आणखी एक कळ असते, तिच्यावरही विसंबूं नये. ती बहुधा त्या वाय-फायवरील दोन मोबाइलांना एकमेकांपासून दूर ठेविते. तारेनें जोडलेल्या पेटीकडे जाणारी वाट तिनें बंद होईलच असें नाहीं.

मग उपाय कोणता? मोठ्या कचेऱ्यांतून व हॉटेलांतून व्हीलॅन नांवाची पद्धत चालते. तिचें प्रमाण ८०२.१क्यू हें १९९८ सालीं प्रसिद्ध झालें. तार एकच, परंतु तिच्यावरून जाणाऱ्या प्रत्येक पुडक्यास १ पासून ४०९४ पर्यंतच्या एखाद्या क्रमांकाचा बिल्ला अडकवितात. पाहुण्यांच्या पुडक्यांना एक क्रमांक, घरच्यांना दुसरा. मुख्य राउटर बिल्ला पाहून दोहोंची वाट वेगळी करितो. मात्र मुख्य राउटर, ॲक्सेस पॉइंट आणि मधला स्विच असला तर तोही, या सर्वांनाच बिल्ले समजले पाहिजेत. इंटरनेट देणारी कंपनी जी पेटी बसवून जाते, तिच्यांत ही सोय पुष्कळदां नसते किंवा ग्राहकास उघडी नसते. जाणत्या मनुष्यास ओपनडब्ल्यूआरटीसारखी मोफत प्रणाली ॲक्सेस पॉइंटावर चढवून त्यालाच पाहुण्यांपुरता दरवान बनवितां येतें: घरच्या पत्त्यांकडे जावयाचें नाहीं, बाहेर खुशाल जावें, असा नियम त्यास घालून द्यावयाचा. पण हें काम सर्वांच्या आवांक्यांतलें नव्हे.

सामान्य गृहस्थास सोपा मार्ग जुन्या घरानेंच दाखविलेला आहे. दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट न करितां राउटर म्हणूनच चालवावा. कंपनीच्या पेटीची तार त्याच्या ‘वॅन’ लिहिलेल्या भोंकांत घालावी, आणि दोहोंचे पत्ते वेगळ्या मालिकेंतील ठेवावे, जसें एकाचे १९२.१६८.१ नें सुरू होणारे तर दुसऱ्याचे १९२.१६८.२ नें. येथें बहुतेकांची एक चूक होते. पाहुण्यांना वेगळें काढावयाचें म्हणून ते त्यांना नव्या, आंतल्या राउटरावर बसवितात. हें अगदीं उलट आहे. आंतला राउटर बाहेरून येणाऱ्यास अडवितो, आंतून बाहेर जाणाऱ्यास अडवीत नाहीं. आंत बसलेला पाहुणा रस्त्यावर जातां जातां बाहेरच्या पेटीवरील सर्व यंत्रांकडे डोकावूं शकतो. म्हणून पाहुणे बाहेरच्या पेटीवर, म्हणजे ओटीवर. आणि घरचे संगणक व कॅमेरे आंतल्या राउटरावर, म्हणजे माजघरांत. पाहुण्यांच्या खोल्या मागें असतील, तर बाहेरच्या पेटीपासून तार नेऊन तेथें ॲक्सेस पॉइंट ठेवावा. तेथें तो निर्धास्त चालतो, कारण तो ओटीच लांबवितो.

या व्यवस्थेंत थोडी गैरसोय आहे. एकामागें एक दोन राउटर झाल्यानें कांहीं खेळांना व बाहेरून थेट घरांत डोकावण्याच्या सोयींना अडथळा येतो. पाहुण्यांनीं वापरावयाचा दूरदर्शन-संच ओटीवरच जोडावा लागतो. शिवाय पाहुणा बाहेरच्या पेटीच्या दाराशींच बसलेला असल्यामुळें तिच्या व्यवस्थापनाचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशीं बदलावा.

सर्व जुळवून झालें म्हणजे परीक्षा घ्यावी. घरचा प्रिंटर व कॅमेऱ्याची पेटी यांचे पत्ते टिपून ठेवावे, मग एक मोबाइल पाहुण्यांच्या वाय-फायवर घेऊन ब्राउझरमध्यें ते पत्ते एकेक घालावे. प्रवेशाचें पान उघडलें तर भिंतीस भोंक आहे. पत्त्यांची मालिका वेगळी दिसते, एवढ्यावर समाधान मानूं नये. आंत बसविलेल्या पाहुण्याचीही मालिका वेगळीच असते. हीच परीक्षा कंपनीचा माणूस पेटी बदलून गेला कीं त्याच दिवशीं पुन्हां घ्यावी, कारण नव्या पेटीला जुन्या घराचे उंबरठे ठाऊक नसतात.