घरापुढील लहान हिरवळ: कापणीसाठी साधन कोणते निवडावे?

पन्हाळा तालुक्यातील वारणानगर ही तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याभोवती वाढलेली वसाहत होय. या परिसरातील उसाच्या मळ्यांत हरळी हे हट्टी तण समजले जाते व ते खणून काढावे लागते. घरापुढील अंगणात मात्र तीच हरळी हौसेने लावली जाते. ती लावणे सोपे आहे. वेळच्या वेळी कापणे हेच खरे काम होय. पावसाळ्यात गवत हातभर वाढल्यावर साधनाचा शोध सुरू झाला, तर निवड बहुधा चुकते.

कापणीचे तत्त्व

हरळीचे शेंडे वरचेवर छाटले असता बाजूचे फुटवे वाढतात व हिरवळ दाट होते. वाढ अनावर झाल्यास खालच्या भागास प्रकाश मिळत नाही आणि तो पिवळा पडतो. असे गवत एकदम खाली कापले की केवळ वाळकी काडी उरते व हिरवळ पुन्हा सावरण्यास वेळ लागतो. म्हणून एका वेळी उंचीच्या एक-तृतीयांशापेक्षा अधिक भाग कापू नये. हिरवळ ३ सेंटिमीटर राखावयाची असल्यास ती साडेचार सेंटिमीटर होताच कापावी. पावसाळ्यात आठवड्यास एकदा, तर थंडीत वाढ मंदावल्यावर बऱ्याच अंतराने कापणी पुरते. उन्हाळ्यात उंची थोडी अधिक ठेवावी, म्हणजे जमिनीतील ओल टिकते.

उपलब्ध साधने

विळ्याने कापणी स्वस्तात होते, परंतु उंची एकसारखी राहत नाही. गवत कापण्याची कात्री कडेच्या व कुंडीभोवतालच्या भागास उत्तम. सबंध अंगणास मात्र ती कंटाळवाणी ठरते. जनावर सोडल्यास ओल्या जमिनीत खुरांचे खड्डे पडतात.

ढकलून चालवावयाच्या हातयंत्रात फिरणारी पाती एका स्थिर पात्यावर घासून जातात व कात्रीप्रमाणे गवत कापतात. इंग्लंडमधील एडविन बडिंग यांनी १८३० मध्ये कापडावरील लव कातरण्याच्या यंत्रावरून ही कल्पना घेतली. या यंत्रास इंधन लागत नाही आणि काप स्वच्छ येतो. मात्र उंच वाढलेले गवत त्यापुढे आडवे पडते व कापले जात नाही.

विजेच्या अथवा पेट्रोलच्या यंत्रातील आडवे पाते वेगाने फिरून गवत तोडते. पाते बोथट असल्यास शेंडे फाटून पांढुरके दिसतात. मोठ्या जागेस ही यंत्रे सोयीची आहेत. खांद्यास अडकविण्याचे इंजिनाचे यंत्र बांधावरील रानगवतासाठी योग्य. परंतु त्याने खडे दूरवर उडतात, सबब मुले जवळ असता ते चालवू नये. विजेचे यंत्र ओल्या गवतावर मुळीच वापरू नये.

हिशेब करून पाहावा

एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. हातयंत्राच्या प्रत्येक फेरीत २५ सेंटिमीटर रुंदीचा पट्टा कापला जातो असे धरल्यास सबंध गुंठ्यास सुमारे ४०० मीटर चालावे लागते. वीस फूट लांब व पंधरा फूट रुंद हिरवळीस ही चाल सुमारे ११० मीटर भरते. एवढ्या कामासाठी इंजिन, इंधन व दुरुस्ती यांचा खर्च पत्करणे शहाणपणाचे नव्हे. लहान अंगणास हातयंत्र व कडांसाठी एक कात्री एवढे पुरे. आठवड्याचा नेम पाळता येणार नसेल, तर मात्र हातयंत्र निरुपयोगी ठरते. अशा घराने पात्याचे यंत्र घ्यावे अथवा हिरवळच लहान करावी.

कापणीपूर्वी खडे व काटक्या वेचाव्यात. शक्यतो गवत कोरडे असता कापावे. काम झाल्यावर पाती पुसून तेल लावावे व धार वेळोवेळी तपासावी.

कापलेल्या गवताची व्यवस्था

थोडे बारीक गवत जागेवर राहिल्यास ते कुजून जमिनीस खत मिळते. ओले ढीग मात्र उचलावेत. कीटकनाशक अथवा तणनाशक फवारलेल्या हिरवळीचे गवत जनावरांस घालू नये. फवारणी झालेली नसल्यास ते ताजे असतानाच वैरणीत मिसळता येते. हरळीच्या पेरास मुळे फुटतात, हे ध्यानात ठेवावे. लांब दोऱ्या कडक उन्हात पूर्ण वाळवूनच खतखड्ड्यात टाकाव्यात. ओल्या टाकल्यास खताबरोबर त्या उसाच्या शेतात पोहोचतात आणि अंगणाची शोभा मळ्याची डोकेदुखी होते.

वारणेच्या खोऱ्यास सहकाराची सवय आहे. शेजारच्या चार घरांनी मिळून एक चांगले हातयंत्र घेतले, कापणीचे वार ठरविले व धार लावण्याचा खर्च वाटून घेतला, तर प्रत्येकाची हिरवळ अल्प खर्चात नीट राहील.