नाव कोणाच्या वहीत?



कारेगावच्या माणसाला सातबारा म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. जमीन कोण कसतो हा एक प्रश्न, आणि उताऱ्यावर नाव कोणाचे हा दुसरा. व्यवहाराची वेळ आली की दुसराच प्रश्न निर्णायक ठरतो. इंटरनेटवरील नावाचेही असेच आहे. पतसंस्था, शाळा, कामगार संघटना आज स्वतःचे संकेतस्थळ चालवतात. पण त्या नावाची नोंद कोणाच्या हाती आहे हे फार थोडे पदाधिकारी सांगू शकतील. ही नोंद तपासावी कशी आणि सांभाळावी कशी, एवढाच आजचा विषय.

यंत्रे एकमेकांना आकड्यांनी ओळखतात, माणसे नावांनी. म्हणून नाव आणि आकडा यांची सांगड घालणारी वही लागते. आरंभी अशी एकच वही होती. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या कचेरीत ती ठेवली जाई आणि सगळे जण तिची नक्कल करून नेत. यंत्रे वाढली, वही पुरेना. तेव्हा 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी कामाची वाटणी सुचवली: मुळाशी फक्त 'कॉम' कोठे, 'इन' कोठे एवढेच ठाऊक असावे, आणि पुढचा तपशील ज्याचा त्याने ठेवावा. हीच डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस. आपल्या देशाच्या 'इन' ह्या शेपटीची नोंद 1989 ची असून तिचा कारभार प्रथम मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होता. आज तो निक्सी ह्या संस्थेकडे आहे. 2014 पासून देवनागरीतील 'भारत' ही शेपटीही मिळते. मात्र यंत्राच्या वहीत ती रोमन अक्षरांत, 'एक्सएन' अशी सुरुवात होऊन उतरते. तपासणीत तसे रूप दिसले तर बिचकू नये.

आता तपासणीचे साधन. संगणकावर कमांड लाइन नावाची एक साधी खिडकी असते. तिच्यात चित्रे नाहीत, बटणे नाहीत. आज्ञा लिहावी, उत्तर वाचावे. 'डिग' हा शब्द आणि पुढे संकेतस्थळाचे नाव लिहिले की नोंद समोर येते. विंडोजवर हेच काम 'एनएसलुकअप' करते. सरावासाठी 'एक्झाम्पल डॉट कॉम' हे नाव घ्यावे. ते उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहे.

उत्तरात नोंदीचा प्रकार दिलेला असतो. 'ए' म्हणजे संकेतस्थळाच्या यंत्राचा आकडा. 'एनएस' म्हणजे आपली वही ज्या यंत्रावर आहे त्याचे नाव. 'एमएक्स' म्हणजे आपली टपाल कोठे उतरते ते ठिकाण. ही शेवटची नोंद नीट लक्षात घ्या. ती ज्याच्या ताब्यात, त्याच्याकडे संस्थेची सारी ईमेल वळवता येते. रांजणगावच्या एखाद्या कारखान्यातील कंत्राटी कामगाराने संघटनेकडे विश्वासाने पाठवलेली तक्रार भलत्याच हाती पडणे म्हणजे काय, हे मी तुम्हांला सांगायला नको.

'हूइज' ही दुसरी आज्ञा. तिने नाव कोणत्या नोंदणीदार कंपनीकडे आहे आणि मुदत कधी संपते ते कळते. मालकाचे नाव अलीकडे बहुधा झाकलेले असते. म्हणून ते कंपनीच्या खात्यात शिरूनच पाहावे लागते. पुष्कळदा असे घडते की, संकेतस्थळ बनवणारा तरुण नाव स्वतःच्याच ईमेलवर नोंदवतो, पुढे नोकरीनिमित्त दूर जातो आणि नूतनीकरणाच्या सूचना त्याच्याकडेच पडून राहतात. 'कॉम' नाव मुदत संपून रद्द झाले की ते जादा दराने सोडवून घ्यायला तीस दिवस मिळतात. पुढे पाच दिवसांनी ते कोणालाही घेता येते.

नोंदी बदलायच्या कशा? स्वतःची वही चालवणाऱ्यासाठी 'एनएसअपडेट' ही आज्ञा आहे. तिची रीत 1997 मध्ये ठरली. बहुतेक मोठ्या कंपन्याही आपापल्या आज्ञा देतात. आज्ञेबरोबर एक गुप्त किल्ली जोडावी लागते. बदलापूर्वी एक खबरदारी अवश्य घ्यावी. प्रत्येक नोंदीपुढे सेकंदांचा आकडा असतो, आणि तेवढा वेळ इतर यंत्रे जुनेच उत्तर जवळ ठेवतात. तो 86400 असेल, तर बदल सगळीकडे पोचायला पूर्ण दिवस लागेल. म्हणून तो आदल्या दिवशीच 300 वर आणावा, मग बदल करावा आणि 'डिग'ने खात्री करून घ्यावी.

कोणी म्हणेल, बटण दाबून होणाऱ्या कामासाठी हा खटाटोप कशाला? बटण दाबल्याची खूण बहुधा दाबणाऱ्याच्या खात्यातच राहते. लिहिलेली आज्ञा कागदावर उतरवता येते, कार्यकारिणीपुढे वाचता येते, इतिवृत्तात चिकटवता येते. पुढचा चिटणीस तीच आज्ञा देऊन तेच काम करू शकतो. संघटनेत आम्ही तोंडी आश्वासनापेक्षा लेखी करार मागतो, तो ह्याच कारणाने.

तेव्हा चार गोष्टी कराव्यात. नाव व्यक्तीच्या नव्हे, संस्थेच्या नावे नोंदवावे. खात्याचा ईमेल पत्ता त्याच नावावरचा नसावा; नाव बुडाले की तो पत्ताही बुडतो. किल्ली दोघा पदाधिकाऱ्यांकडे असावी, आणि पदाधिकारी बदलताच तीही बदलावी. आणि दर वर्षी हिशेबतपासणीच्या वेळी सगळ्या नोंदींची छापील प्रत दप्तरी ठेवावी. ह्याला ना मोठी विद्या लागते, ना मोठा खर्च. वर्गणीची पावती जपणारा माणूस एवढे सहज करू शकतो.