मूल एकटे खेळते तेव्हा: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

वणीहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच्या मुकुटबनात आणि त्याच्या पंचक्रोशीत कापसाच्या वेचणीचे दिवस आले, की कर्ती माणसे सकाळीच शेताच्या वाटेला लागतात आणि दोन-अडीच वर्षांचे मूल व त्याची आजी एवढीच काय ती वस्ती ओसरीवर उरते. अशा वेळी ते मूल कोपऱ्यात आपल्यापुरते खेळत राहिले, तर शेजारीण हटकून म्हणते, ‘‘आजी, तुमचा नातू लय एकलकोंडा हाय वो!’’

हा पहिला गैरसमज. अमेरिकेतील मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ साली लहान मुलांच्या खेळाचे जे प्रकार नोंदले, त्यांत एकट्याने खेळणे आणि दुसऱ्या मुलाच्या शेजारी बसूनही त्याच्यात न मिसळता खेळणे, या दोहोंना स्वतंत्र स्थान आहे, आणि या वयात दोन्ही अगदी स्वाभाविक होत. मूल हाकेला ओ देत नसेल, नजरेला नजर देत नसेल, बोटाने काही दाखवीत नसेल, तर मात्र डॉक्टरांचा सल्ला घेण्यात दिरंगाई करू नये. नुसत्या एकांतप्रियतेवरून मुलात काही दोष असल्याचा निवाडा देता येत नाही.

याहून खोलवर रुजलेला गैरसमज असा, की मुलाला स्वतंत्रपणे खेळायला शिकवायचे म्हणजे त्याला एकटे सोडून निघून जायचे. इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५८ साली नेमके उलटे प्रतिपादन केले: एकटे राहण्याची क्षमता आईच्या सान्निध्यातच उपजते. आजी जवळच तूर निवडीत बसली आहे, मान वर केली की दिसते, हाक मारली की उत्तर देते, हा भरवसा असला म्हणजेच मूल खेळात बुडू शकते. तिने डोळा चुकवून उठून जाण्याची वहिवाट पाडली, तर ते खेळ सोडून तिच्या पदरावर पहारा ठेवू लागते. म्हणून मूल जेवून-झोपून ताजेतवाने असताना क्षणभर त्याच्याबरोबर खेळावे, मग ‘मी इथंच हाय’ एवढे सांगून आपल्या कामाला लागावे, आणि प्रारंभी मोजक्या मिनिटांवर समाधान मानावे.

पुढचे कर्तव्य याहून अवघड, ते म्हणजे मध्ये न पडणे. मूल स्टीलच्या डब्याला झाकण बसवू पाहते. ते आधी उलटे ठेवते, मग तिरके, डबा निसटून घरंगळतो, ते धावत जाऊन तो परत आणते. आणि नेमक्या त्याच क्षणी ‘‘असं नाही बाप्पा, असं लाव’’ म्हणून आजी झाकण बसवून देते. खेळ तिथेच खलास! मारिया माँटेसरी यांचा अवघा आग्रह या क्षणी हात आवरण्याचा होता, पण मायेच्या माणसाला तो पाळणे फार जड जाते.

खेळण्यांची रास लागते, ही समजूत तर बाजाराने पोसलेली. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्यासह ते पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत नेले, तेव्हा महागड्या साधनांऐवजी पाने, दगड, शंख-शिंपले असे स्थानिक जिन्नसच त्यांनी कामी आणले. आपल्याकडे तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल वर्षभर फळीवर का ठेवावा? चारापाणी करायला, बंडीला जुंपायला तो एकटा पुरेसा आहे. मात्र चिंचोके, नाणी, घड्याळातील बटणासारखे सेल तीन वर्षांखालील मुलाच्या हाती लागू देऊ नयेत. पाण्याची भरलेली बादली त्याच्या वाटेत नसावी. आणि कपाशीच्या घरी फवारणीच्या औषधांचे डबे, रिकामे झालेलेसुद्धा, कुलपाच्या आत असावेत, याला सवलत नाही.

राहिला मोबाइल. तो पाहत मूल तासभर गप्प बसते, म्हणून ते स्वतः रमले असे मानणे चुकीचे. तिथे खेळवणारा यंत्रात बसलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशींनुसार दोन वर्षांखालील मुलांनी पडद्यासमोर बसूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एका तासापेक्षा अधिक मुभा देऊ नये. जडलेली सवय सोडवताना सुरुवातीला आकांत होतो, आजीला तूर बाजूला सारून पुनःपुन्हा उठावे लागते, आणि संध्याकाळच्या वरणाला थोडा उशीर होतो. तेवढी तयारी घरातील सर्वांनी ठेवावी.