वायफायचं दुखणं भिंतींना विचारा

"वायफाय चालत नाहीये" हे वाक्य कानावर पडलं, की मी आधी एकच विचारतो: नक्की काय होतंय? फोनला वायफायचं नावच दिसत नाही? नाव दिसतं, पण पासवर्ड टाकूनही जोडलं जात नाही? जोडलं गेलंय, पण खाली 'इंटरनेट नाही' असं येतंय? की सगळं जागच्या जागी आहे आणि तरी व्हिडिओ मध्येच अडकून चाक गोल गोल फिरतंय? ही चार दुखणी चार वेगळ्या ठिकाणची आहेत. लोक मात्र चारहींवर एकच उपाय करतात, राउटर बंद करून पुन्हा चालू. त्यानं भागलं नाही, की नवा फोन घ्यायच्या गोष्टी सुरू होतात. इतकी वर्षं नातेवाइकांची, शेजाऱ्यांची, मित्रांची घरं हिंडल्यावर माझं ठाम मत झालंय, की फोन बहुतेक वेळा निर्दोष असतो.

खात्री करायला फार काही लागत नाही. त्याच जागी उभं राहून घरातला दुसरा फोन त्याच वायफायला जोडून बघा. दोन्ही अडखळत असतील, तर पहिल्या फोनला सोडून द्या. मग फोन घेऊन राउटरपासून दोन हातांवर जा. तिथे सगळं सुरळीत चाललं, तर अडचण मधल्या वाटेत आहे, म्हणजे भिंतीत, कपाटात, हवेत. तिथेही चाललं नाही, तर फायबरच्या डब्यावरचे दिवे बघा. 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल असेल, तर बाहेरून येणारा प्रकाशच डब्यापर्यंत पोचत नाहीये. फोनमध्ये काहीही खटपट करून उपयोग नाही. ती पिवळी किंवा पांढरी बारीक तार कुठे टेबलाखाली दुमडली गेलीय का, एवढं पाहावं. फायबर काचेची असते, तिला घट्ट वळण सोसत नाही.

वायफायचा इतिहास थोडक्यात उरकतो. १९८५ साली अमेरिकेनं काही लहरपट्टे विनापरवाना वापरासाठी मोकळे केले. १९९७ मध्ये ८०२.११ हे पहिलं मानक आलं, वेग सेकंदाला जेमतेम दोन मेगाबिट. १९९९ मध्ये तो अकरावर गेला आणि वायफाय हे नाव रूढ झालं. आपल्याकडे २००५ च्या नियमांनी २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा परवानामुक्त झाला, २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्‌झमधला मोठा भाग. पुढची बहुतेक मानकं याच दोन पट्ट्यांवर उभी आहेत, अलीकडे त्यांत सहाची भर पडली.

'जोडलं आहे, इंटरनेट नाही' हा निरोप फोन कशावरून देतो, हे कळलं की अर्धा गोंधळ मिटतो. वायफायला जोडला गेला, की फोन एका ठरलेल्या पत्त्यावर लहानशी विचारणा करतो. अँड्रॉइड फोन गूगलच्या सर्व्हरला विचारतो, आयफोन ॲपलच्या. अँड्रॉइडला उत्तरात २०४ हा आकडा हवा असतो. त्याचा अर्थ, 'पाठवण्यासारखं काही नाही, पण मी इथे आहे'. हा आकडा आला तर वाट मोकळी. त्याऐवजी भलतंच पान आलं, तर फोन समजतो की मध्ये कुणीतरी उभं आहे आणि आधी लॉगिन मागतंय. रेल्वे स्टेशनवरच्या किंवा लॉजच्या वायफायवर मोबाइल नंबर टाकायचं पान आपोआप समोर येतं, ते यामुळेच. कधी ते पान येतच नाही आणि माणूस ताटकळतो. अशा वेळी व्हीपीएन, जाहिराती अडवणारं ॲप आणि सेटिंगमधला 'प्रायव्हेट डीएनएस' थोडा वेळ बंद करून बघावं. घरच्या वायफायवरही हा निरोप आला आणि बाकीच्यांचे फोन चालत असले, तर आधी तारीख बघा. बॅटरी पूर्ण उतरून पडून राहिलेल्या जुन्या फोनची तारीख कधी कधी मागे जाते. मग सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं त्याला खोटी वाटू लागतात आणि एकही पान उघडत नाही. तारीख-वेळ 'ऑटोमॅटिक'वर टाकली की काम होतं.

आता माझ्या आवडीच्या जागेकडे येतो. फोन आणि राउटर यांच्यामधली ती दहा-वीस फुटांची हवा.

राउटरमधून निघालेली लहर सरळ एका वाटेनं फोनपर्यंत येत नाही. थोडी समोरून येते, थोडी भिंतीवर आपटून, थोडी छतावरून, थोडी लोखंडी कपाटावरून. प्रत्येक वाटेची लांबी वेगळी. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात साधारण ३० सेंटिमीटर जाते. म्हणजे नऊ मीटर जास्तीचा वळसा घालून आलेली लहर ३० नॅनोसेकंद उशिरा पोचते. मोठ्या सभामंडपात कीर्तनकार भरभर बोलायला लागला, की मागच्या शब्दाचा प्रतिध्वनी पुढच्या शब्दावर पडतो आणि मागे बसलेल्यांना काहीच उमगत नाही, तसंच हे. माहिती जितकी वेगानं पाठवाल, तितके हे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळणार. घराच्या चार भिंतींत वेगवान बिनतारी जाळं उभं करताना हीच मोठी अडचण होती.

ती सोडवण्यात ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेचा वाटा फार मोठा आहे, आणि सोडवणारा माणूस रेडिओ खगोलशास्त्रातून आलेला होता, ही गोष्ट मला कितीही वेळा सांगितली तरी पुरत नाही. जॉन ओ'सलिव्हन सत्तरच्या दशकात नेदरलँड्समध्ये ड्विंगलोच्या दुर्बिणीवर काम करत होते. स्टीफन हॉकिंगच्या सिद्धान्ताप्रमाणे अगदी लहान कृष्णविवरांचा शेवट स्फोटात व्हायला हवा, आणि त्या स्फोटाचा क्षणमात्र टिकणारा रेडिओ ठसका कुठे ऐकू येतो का, हे त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पाहायचं होतं. ठसका मिळाला नाही. पण अवकाशातून येताना विस्कटलेला संकेत गणितानं पुन्हा नीट कसा लावायचा, याचा विचार मात्र पक्का झाला. पुढे नव्वदच्या सुरुवातीला सीएसआयआरओत त्यांनी आणि चार सहकाऱ्यांनी तेच गणित घरातल्या प्रतिध्वनींना लावलं. १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियात पेटंटचा अर्ज केला, १९९६ मध्ये अमेरिकेचं पेटंट मिळालं. एक वेगवान प्रवाह न पाठवता त्याचे अनेक संथ प्रवाह करायचे आणि ते शेजारशेजारच्या लहरींवर एकाच वेळी सोडायचे, हे त्यातलं एक सूत्र. १९९९ च्या ८०२.११ए या मानकात असे ५२ प्रवाह आहेत. प्रत्येक खुणेला, म्हणजे एका वेळी पाठवलेल्या माहितीच्या तुकड्याला, चार मायक्रोसेकंद मिळतात आणि त्यातला ०.८ मायक्रोसेकंद नुसता थांबण्यासाठी राखलेला आहे. तेवढ्या वेळात लहर २४० मीटर जाते. कुठल्याही घरातला प्रतिध्वनी तोवर विरून जातो.

सीएसआयआरओशी आपलं जुनं नातं आहे. आपले रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप १९५३ ते ५५ या काळात सिडनीला तिथेच रेडिओ खगोलशास्त्र शिकले. तिथल्या पॉट्स हिलच्या, सहा फूट व्यासाच्या ३२ तबकड्या पुढे भारताला भेट मिळाल्या आणि १९६५ मध्ये कल्याणजवळ बसवल्या गेल्या. सूर्याचं निरीक्षण करणारी ती आपली पहिली मोठी रेडिओ दुर्बीण. मग स्वरूपांनी नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण उभी केली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्याही आपल्याच इंजिनिअरांनी बांधलेल्या. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, खोडदला गावोगावच्या शाळांची मुलं प्रयोग मांडतात. मी गेलो होतो तेव्हा जुन्नर तालुक्यातल्या एका मुलीनं जाळीच्या टोपलीत ट्रान्झिस्टर ठेवून तो मुका करून दाखवला होता. त्या आवारात मोबाइल बंद ठेवायला लागतो, कारण आकाशातून येणाऱ्या क्षीण संकेतापुढे खिशातला फोन म्हणजे कानाशी वाजणारा ढोल. ज्यांना आपल्या घरातल्या लहरी समजून घ्यायच्या आहेत, त्यांनी एकदा तिथे जाऊन यावं.

आता पुन्हा घरातल्या प्रतिध्वनींकडे. ते माहीत असण्याचा रोजच्या वापरात एक उपयोग सांगतो. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्‌झची सहाच्या आसपास. दोन वाटांनी आलेल्या लहरी एखाद्या जागी एकमेकींना मारक ठरतात आणि तिथून वीतभर सरकलं की एकमेकींना पूरक होतात. म्हणून व्हिडिओ कॉल अडकला तर खोली बदलण्याआधी फोन वीतभर इकडे-तिकडे सरकवून बघा. फार वेळा तेवढ्यानं भागतं.

भिंतींचा खरा धडा मला राजापूर तालुक्यातल्या आमच्या आत्याच्या घरी मिळाला. जांभ्याचं जुनं घर, हातभर जाड भिंती, आणि दिवस गणपतीचे. "तुमचं ते नेट माजघराच्या उंबऱ्यापर्यंतच येतं रे," आत्या म्हणाली, "चुलीपाशी फोन नुसता घड्याळ म्हणून बघायचा." राउटर ओटीवर, टीव्हीच्या कपाटात, टीव्हीच्या मागे. मी फोनमधल्या ॲपवर संकेताची ताकद मोजली. ती उणे आकड्यात येते आणि दर दहाला ताकद दसपट कमी होते. ओटीवर उणे ४२, माजघरात उणे ६४, स्वयंपाकघरात उणे ८१. म्हणजे ओटीच्या मानानं चुलीपाशी लहर सुमारे आठ हजारपट क्षीण. उणे ६७ च्या आत असलं की व्हिडिओ कॉल नीट चालतो, ऐंशीच्या पलीकडे काही खरं नाही.

जांभा सच्छिद्र असतो, भाद्रपदापर्यंत पाऊस पिऊन फुगलेला असतो, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. त्यात माजघराच्या भिंतीला लागून लोखंडी कपाट, त्याच्या दारावर आरसा. धातू आणि आरशामागचा मुलामा लहर परतवून लावतात. शिवाय घर माणसांनी भरलेलं. माणसाचं शरीरही बहुतांशी पाणीच, आणि प्रत्येकाच्या हातात फोन. हवा सगळ्यांत वाटून घ्यायची असते, आणि कोपऱ्यात बसलेला, कमी वेगानं बोलणारा एक फोन इतरांचा वेळ खातो. केबलवाल्याला बोलावून तार आत ओढून घेतली, राउटर ओटी आणि माजघराच्या मधल्या दाराच्या चौकटीवर उंच ठेवला, दोन्ही अँटेना सरळ उभ्या केल्या. अँटेनाच्या टोकाच्या दिशेनं लहर सर्वांत कमी जाते, ती आडवी पसरते. म्हणून बैठ्या घरात अँटेना उभ्या आणि दुमजली घरात एखादी आडवी ठेवावी. चुलीपाशी आकडा उणे ६९ वर आला, सोळापट सुधारणा. त्या संध्याकाळी आत्या मोदक वळता वळता नातीशी व्हिडिओवर बोलत होती.

एक प्रश्न मला फार वेळा विचारतात: रेंजच्या काड्या पूर्ण आहेत, तरी चालत का नाही? काड्या एवढंच सांगतात, की राउटरचा आवाज फोनला ऐकू येतोय. फोनचा आवाज राउटरला ऐकू जातोय की नाही, ते त्या सांगत नाहीत. राउटर दणकून बोलतो, फोन बॅटरी राखून. जास्त ताकदीचा राउटर आणून ही अडचण सुटत नाही. जवळ दुसरा राउटर किंवा मेश, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या छोट्या राउटरांचा संच, बसवावा लागतो.

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत दुखणं वेगळं. तिथे शेजाऱ्यांची वायफायं एकमेकांवर चढतात. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांना न भिडणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. कुणी ३ किंवा ८ निवडला, तर तो दोन्हीकडच्यांना त्रास देतो. घरचा मायक्रोवेव्हही २.४५ च्या आसपासच चालतो. दूध गरम करताना कॉल तुटत असेल तर ५ गिगाहर्ट्‌झवर जावं. तो भिंतीपलीकडे कमी जातो, पण म्हणूनच शेजाऱ्याचाही आपल्याकडे कमी येतो. आकडे पाहायला अँड्रॉइडवर ॲप मोफत मिळतात. आयफोनवर ॲपलचं एअरपोर्ट युटिलिटी घेऊन सेटिंगमध्ये त्याचा वायफाय स्कॅनर चालू करावा लागतो.

पासवर्ड बरोबर असून जोडलं जात नसेल, तर दोन गोष्टी तपासा. राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीवर ठेवलेली असेल तर जुने फोन अडतात, म्हणून डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ दोन्ही मिळून असलेला पर्याय निवडा. आणि अँड्रॉइड १० व आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला आपला खरा हार्डवेअर पत्ता न देता बनावट पत्ता देतो. ऑफिसात ठरावीक पत्त्यांनाच प्रवेश असेल, तर तेवढ्या वायफायपुरती ही सोय बंद करावी लागते. खरोखर फोनच दोषी, असं उदाहरणही आहे. २०२१ च्या जूनमध्ये असं उघडकीला आलं, की टक्क्याची चिन्हं आणि ठरावीक अक्षरं नावात असलेल्या वायफायला आयफोन जोडला, की त्याचं वायफायच बंद पडायचं. फोन ते नाव आज्ञा समजून वाचत होता. आयओएस १४.७ मध्ये ते दुरुस्त झालं.

'रिसेट नेटवर्क सेटिंग्ज' सर्वांत शेवटी. फोटो, मेसेज जात नाहीत, पण साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या पुसल्या जातात. पासवर्ड आधी वहीत लिहून घ्या. एकाच वायफायचा वांधा असेल तर फक्त तेवढं 'फरगेट' करून पुन्हा जोडा. आणि कंपनीला फोन करायची वेळ आलीच, तर "नेट चालत नाही" असं नुसतं सांगू नका. राउटरशेजारी उभं राहून दोन फोनांवर तपासलंय, एलओएसचा दिवा अमुक रंगाचा आहे, आणि अडचण अमुक वाजल्यापासून आहे, एवढं सांगा. पलीकडचा माणूस मग "राउटर रिस्टार्ट करा" म्हणत बसत नाही, थेट माणूस पाठवायचं बोलतो.