पहाटे तीनलाच टक्क जाग येते? पाळी जायच्या वयात झोप का मोडते आणि त्यावर काय करायचं

उंब्रज (ता. कराड) : रात्री अंथरुणाला पाठ टेकली की लगेच डोळा लागतो. पण पहाटे तीनच्या सुमारास टक्क जाग येते. मान आणि पाठ घामानं भिजलेली, छातीत धडधड. मग म्हशीची धार काढायची वेळ होईपर्यंत नुसतं या कुशीवरून त्या कुशीवर. चाळिशी ओलांडलेल्या अनेक बायकांची ही तक्रार असते, पण ती दवाखान्यात सांगितली जात नाही. 'वय झालं, आता असंच चालायचं' म्हणून सोडून दिली जाते.

घरात सांगितलं तरी उत्तरं ठरलेली असतात. कुणी म्हणतं टेन्शन घेतेस, कुणी म्हणतं बाहेरचं काहीतरी बघून घे, कुणी मेडिकलमधून झोपेची गोळी आणून देतं. त्यात पाळीचाही त्रास असेल तर 'पिशवीच काढून टाक, सगळं मिटंल' हा सल्ला हमखास मिळतो. यातल्या कशानंही झोपेचं मूळ दुखणं जात नाही, उलट काही उपाय आयुष्यभराचं नुकसान करून जातात. म्हणून हे दुखणं नेमकं काय आहे ते आधी समजून घेऊ.

आधी झोपेचे तास मोजा

पहाटे लवकर जाग येणं म्हणजे आजार असं नाही. रात्री साडेआठला झोपून साडेतीनला जाग आली तर सात तास झोप झाली. मोठ्या माणसाला साधारण सात तास झोप पुरते. दिवसभर अंगात तरतरी असेल तर काळजीचं कारण नाही.

पण साडेदहाला झोपून तीनला जाग येत असेल, पुन्हा डोळा लागत नसेल, दिवसा चिडचिड, विसरभोळेपणा, डोकं जड असं होत असेल, आणि आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री हे घडत असेल, तर त्याला निद्रानाश म्हणतात. तीन महिने तसंच चाललं तर तो जुनाट निद्रानाश. त्यावर उपाय आहे.

घरातल्या कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात तीन गोष्टी लिहा: कधी झोपलात, कधी जाग आली, पाळी आली का. दोन आठवड्यांची ही नोंद डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

नेमकी पहाटेच जाग का येते?

भारतात पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते. सलग १२ महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. पण शरीरातला बदल त्याच्या काही वर्षं आधीच सुरू होतो. पाळी कधी वीस दिवसांत येते, कधी दोन महिने येतच नाही. झोप मोडायला लागते ती याच काळात, म्हणजे पाळी चालू असतानाच. त्यामुळे दोन्हीचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही.

अंडाशयात दोन मुख्य हार्मोन तयार होतात, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन. प्रोजेस्टेरॉनपासून बनणारा एक घटक मेंदूला शांत करतो, झोपेला मदत करतो. या वयात दर महिन्याला अंडं सुटेलच असं नाही, आणि ते सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन कमी पडतं. दुसरीकडे इस्ट्रोजेन वरखाली होत राहतं. मेंदूतलं अंगाची उष्णता सांभाळणारं केंद्र त्यामुळे हळवं होतं. उष्णता जराशी वाढली तरी ते अंग थंड करायची घाई करतं, कातडीकडे रक्त सोडतं, घाम आणतं. यालाच आपल्याकडे 'अंगातून वाफा येणं' म्हणतात. एक वाफ काही मिनिटांतच जाते, पण झोप मोडून जाते.

पहाटेचं कारण असं. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात होऊन जाते. पहाटेकडची झोप मुळातच पातळ असते. थकव्याचा साठा तोवर बराच संपलेला असतो आणि शरीर उठायच्या तयारीला लागून कॉर्टिसोल हे हार्मोन वाढवत असतं. एरवी आपण एवढ्यानं जागे होत नाही. पण त्याच वेळी वाफ आली, लघवीला लागलं किंवा कुत्रं भुंकलं, की टक्क जाग येते. त्यात बाहेरचं काही नसतं.

पिशवी काढून झोप येत नाही

सर्वात जास्त नुकसान याच गैरसमजानं होतं. ही हार्मोन पिशवीत, म्हणजे गर्भाशयात, तयार होत नाहीत. ती अंडाशयात तयार होतात. त्यामुळे पिशवी काढून वाफा किंवा निद्रानाश जायचं कारण नाही. उलट पिशवीबरोबर दोन्ही अंडाशय काढले, तर जो बदल काही वर्षांत सावकाश व्हायचा तो एका दिवसात होतो. वाफा आणि जागरण जास्त जोरात सुरू होतं. तरुणपणी असं झालं तर हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोकाही वाढतो. अंडाशय ठेवले तरी त्यांचं काम काही वर्षं आधी थांबू शकतं.

हा प्रश्न आपल्या भागापासून लांबचा नाही. दर हंगामात बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या सातारा-सांगलीच्या कारखान्यांवर येतात. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या प्रकरणावर राज्य सरकारनं २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे दर सहा बायकांत एकीची. त्यात चाळिशीच्या आतल्या अनेक होत्या.

कर्करोग, मोठ्या गाठी, औषधानं न थांबणारा रक्तस्राव अशा कारणांसाठी ही शस्त्रक्रिया लागते, आणि लागली तर ती करायलाच हवी. पण नुसती झोप नाही, वाफा येतात, पांढरं जातं, कंबर दुखते म्हणून पिशवी काढायला कुणी सांगितलं, तर सही करण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. 'अंडाशय पण काढणार का? का?' हे दोन प्रश्न विचाराच.

झोपेच्या गोळीचं काय?

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गोळ्या कायद्यानं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. थोडे दिवस त्या काम करतात. पण रोज घेतल्या की सवय लागते, एकीच्या दोन होतात, रात्री लघवीला उठताना तोल जातो. आधीपासून चालू असेल तर एकदम बंद करू नका. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. सर्दीची गोळी झोपेसाठी घेणंही बंद करा. तिची गुंगी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत राहते.

कोमट दूध प्यायला हरकत नाही. त्यात जायफळ चिमटीभरच. 'जास्त घातलं की जास्त झोप' या समजुतीनं जायफळ वाढवलं तर विषबाधा होते.

गोळीशिवायची पद्धत

जुनाट निद्रानाशावर जगभरचे डॉक्टर आधी सुचवतात ती गोळी नाही, झोपेची सवय नव्यानं बसवण्याची पद्धत आहे. पाळी जायच्या वयातल्या बायकांवरही ती वापरून पाहिली आहे आणि गुण आला आहे. पैसे लागत नाहीत, सहा ते आठ आठवड्यांची चिकाटी लागते.

१) उठायची वेळ एकच ठेवा. समजा पाच. रात्री ऊसाला पाणी पाजायला घरातलं माणूस गेलं, पाहुणे आले, जागरण झालं, तरी उठायचं पाचलाच.

२) अंथरुणातला वेळ कमी करा. नऊ ते पाच आठ तास पडून राहता, पण झोप होते साडेपाच तास. मग नऊला झोपू नका, अकराला झोपा. अंथरुणात सहाच तास. पहिला आठवडा जड जातो. पण थकवा साठतो आणि झोप सलग लागू लागते. सलग लागायला लागली की दर आठवड्याला पंधरा मिनिटं लवकर झोपा. साडेपाच तासांच्या खाली मात्र कधीही जाऊ नका. या दिवसांत कडबाकुट्टी मशीन, विळा, गाडी जपून. फिट येण्याचा किंवा मोठा मानसिक आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका.

३) जाग आली तर पडून राहू नका. वीसेक मिनिटांत झोप आली नाही असं वाटलं की उठा, सोप्यात जाऊन बसा. वेगळी खोली नसेल तर अंथरुणाशेजारी भिंतीला टेकून बसा. मंद उजेडात वाती वळा, लसूण सोला. पेंग आली की पुन्हा झोपा. मोबाईल नको, घड्याळही बघू नका. आणि 'जाग आलीच आहे तर भांडी उरकून टाकू' असं तर मुळीच नको. रोज तीनला कामाला लागलात की शरीर तीनलाच दिवस उगवला असं धरतं.

४) दुपारची झोप अर्ध्या तासाच्या आत आणि तीनच्या आधी.

वाफा, चहा आणि मिसरी

एक जाड वाकळ घेण्यापेक्षा दोन पातळ सुती पांघरुणं घ्या. वाफ आली की वरचं बाजूला सारता येतं. अंगात सुती कपडे, उशाला पाण्याचा तांब्या आणि ओला नॅपकिन. रात्रीचं जेवण तिखट असेल किंवा उशिरा झालं तर काहींना वाफा जास्त येतात. तुमचं तसं आहे का, ते कॅलेंडरच्या नोंदीवरून कळेल.

चहातलं कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाचा चहा अकरापर्यंत अर्धा अंगात असतो. शेवटचा चहा दुपारी तीनला घ्या.

आणि मिसरी. ती भाजलेली तंबाखूच आहे. तंबाखूतलं निकोटीन मेंदूला जागं करतं. रात्री मिसरी लावून झोपणं आणि पहाटे जाग आली की पुन्हा डबीला हात घालणं, दोन्ही झोपेच्या मुळावर येतं. तोंडाच्या कर्करोगाचा धोका वेगळाच.

डॉक्टरकडे कधी जायचं?

प्रत्येक जागरण पाळीमुळेच असतं असं नाही. पुढचं काही असेल तर थांबू नका:

- अंगावरून फार जातं, गाठी पडतात, दम लागतो. हे रक्त कमी झाल्याचं लक्षण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला. लोह कमी असलं की रात्री पाय शिवशिवतात आणि झोप लागत नाही.
- पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, थेंबभर का असेना. कर्करोग नाही ना, हे तपासावंच लागतं.
- रात्री घाम येतो, सोबत दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, बारीक ताप, वजन उतरतं. ही क्षयरोगाची लक्षणं असू शकतात.
- मोठ्यानं घोरणं, मध्येच श्वास अडकणं.
- वारंवार लघवी, फार तहान (साखर तपासा). सतत धडधड, हात थरथरणं (थायरॉईड तपासा).
- पहाटे जाग येते आणि मन उदास, कशातच रस नाही, जगू नये असं वाटतं. हे नैराश्य आहे, त्यावर उपचार आहेत. टेली मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

सुरुवात गावातल्या आशाताई किंवा उपकेंद्रापासून करा. रक्त, बीपी, साखर तिथे तपासून मिळते. पुढे उंब्रजचं प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून गरज पडली तर कराडचं वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय. वाफांनी झोप पारच उडाली असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे हार्मोनचे उपचार आणि हार्मोन नसलेली औषधंही आहेत. स्तनाचा कर्करोग, रक्ताची गुठळी, पक्षाघात किंवा यकृताचा आजार होऊन गेला असेल तर ते आधी सांगा. अशांना हार्मोन सहसा देत नाहीत.

घरच्यांनी एवढं करावं

सगळ्यांचं जेवण उरकून, भांडी घासून बाई अंथरुणाला टेकते ती सर्वात शेवटी आणि उठते सर्वात आधी. तिनं झोपेची वेळ ठरवली तरी घरानं ती पाळली पाहिजे. पहाटेची एखादी धार लेकानं किंवा मालकांनी काढली, रात्रीची भांडी दुसऱ्या कुणी घासली, तर वरची निम्मी पद्धत जमून जाते. आणि ती चिडली तर 'हिला काय झालंय' म्हणण्याआधी, रात्री झोप झाली का एवढं विचारा.