पहिला चेक कुणाला?

२०१५ सरत असताना नायजेरियात ट्विटरवर एक फोटो फिरत होता. कुणा एका बाईने वर्षभर रोज हजार नायरा एका लाकडी डब्यात टाकले होते आणि वर्ष संपता संपता तो फोडून नोटा मोजल्या होत्या. भरले तीन लाख पासष्ट हजार. या डब्याला तिकडे ‘कोलो’ म्हणतात. वर पैसे टाकायला फट असते, काढायला वाट नसते. फोटोखाली शाबासकी देणारे पुष्कळ होते. लागोसमध्ये नोकरीच्या अर्जांचे संकेतस्थळ चालवणाऱ्या तीन मित्रांना मात्र त्यात धंदा दिसला. ओदुनायो एवेनियी, सोम्तो इफेझुए आणि जोशुआ चिबुएझे यांनी जानेवारी २०१६ मध्ये तोच डबा मोबाइलवर आणला.

कल्पना वरवर साधी दिसते, पण तिच्या मुळाशी जुनी रीत आहे. पश्चिम आफ्रिकेच्या बाजारांत ‘अलाजो’ रोज गाळ्यागाळ्यावर फिरून विक्रेत्यांची बचत गोळा करतो, थेट आपल्या पतसंस्थेच्या पिग्मी एजंटासारखा. महिनाअखेरीला तो एका दिवसाची रक्कम मेहनताना म्हणून ठेवून घेतो आणि बाकीची परत करतो. म्हणजे बाजारातली बाई पैसे साठवण्यासाठी व्याज घेत नाही, उलट स्वतःच पैसे मोजते! तिला परतावा नको असतो असे नाही, पण आधी हवी असते ती स्वतःच्याच हातापासून आणि घरातल्या इतरांच्या हातापासून सुटका. तिघांच्या ‘पिगीव्हेस्ट’ या ॲपने हे नेमके ओळखले. खात्यातून पैसे काढायचे तर दर तिमाहीला एक, अशा वर्षातल्या चार ठरलेल्या तारखाच फुकट. मध्येच काढलेत तर दंड. ग्राहकाला अडवणारी सोय हाच या ॲपचा मुख्य माल. २०१८ मध्ये कंपनीला ११ लाख डॉलरचे भांडवल मिळाले आणि पुढच्या वर्षी तिने ‘पिगीबँक’ हे पहिले नाव टाकून ‘पिगीव्हेस्ट’ हे नाव घेतले.

तिघा संस्थापकांत ओदुनायो एकटीच बाई. कोव्हेनंट विद्यापीठातून संगणक अभियांत्रिकी केलेली. आज आफ्रिकेतल्या तंत्रज्ञानात बायका का कमी, असा विषय निघाला की तिचे नाव हटकून येते, आणि त्याचे कारण केवळ तिच्या कंपनीचे यश एवढेच नाही. या प्रश्नाचे तिला सापडलेले टोक वेगळे आहे.

नेहमीचे टोक म्हणजे शिक्षण. मुलींना कोडिंग शिकवा, पुढचे आपोआप होईल, असे त्यात गृहीत असते. या दिशेने झालेले काम खोटे नाही. नैरोबीत २०१० मध्ये सुरू झालेल्या अकिराचिक्सने झोपडपट्टीतल्या मुलींतून प्रोग्रॅमर घडवल्या. लागोसच्या खाडीत खांबांवर उभ्या असलेल्या माकोको वस्तीतल्या मुलींना संगणकापुढे बसवणाऱ्या अबिसोये अजयी-अकिनफोलारिन २०१८ मध्ये सीएनएनच्या दहा ‘हिरों’च्या यादीत होत्या. अशा वर्गांचे फोटो छान येतात, देणगीदारांनाही ते आवडतात. गोची पुढे होते. शिकलेली मुलगी स्वतःची कंपनी काढायला निघाली की तिला पैसा कोण देतो?

ब्रायटर ब्रिजेस या संशोधन संस्थेने आफ्रिकी स्टार्टअपना २०१३ ते २०२१ या काळात मिळालेल्या सुरुवातीच्या निधीचा हिशेब मांडला. केवळ पुरुषांनी स्थापन केलेल्या कंपन्यांच्या वाट्याला ७६ टक्के गेले होते, केवळ स्त्रियांनी स्थापन केलेल्यांच्या वाट्याला ३ टक्के. हे त्या खंडातले, जिथे छोटामोठा धंदा करणाऱ्या बायकांचे प्रमाण जगात सर्वाधिक आहे. बाजारपेठा बायकांनी भरलेल्या आणि भांडवलाची खोली पुरुषांनी.

भेदभाव उघडपणे क्वचितच होतो. अमेरिकेत डॅना कान्झे आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या एका गाजलेल्या स्टार्टअप स्पर्धेतली प्रश्नोत्तरे तपासली. गुंतवणूकदार पुरुषांना विचारत होते, धंदा वाढवणार कसा? बायकांना विचारत होते, बुडणार नाही कशावरून? दुसऱ्या जातीचे प्रश्न ज्यांच्या वाट्याला आले, त्यांना पैसेही कमी मिळाले. आफ्रिकेत याच्यावर आणखी एक थर चढतो. गुंतवणुकीचा बराच पैसा खंडाबाहेरून येतो आणि ओळखीने फिरतो: कोण कोणाबरोबर परदेशी शिकला, कोणी कोणाची गाठ घालून दिली. त्या ओळखींच्या साखळीत नसलेल्या बाईचे सादरीकरण कितीही चोख असो, ती दारातच उभी राहते.

ओदुनायोला संघटित पैशाची ताकद कळली ती मात्र गुंतवणूकदारांच्या बैठकीत नव्हे. जुलै २०२० मध्ये तिने आणि डामिलोला ओडुफुवाने आणखी काही जणींना घेऊन ‘फेमिनिस्ट कोअलिशन’ नावाचा गट उभारला. शिक्षण, आर्थिक स्वातंत्र्य आणि सत्तेत वाटा ही त्याची उद्दिष्टे. तीन महिन्यांत नायजेरिया पेटला. ‘सार्स’ या पोलिसी पथकाविरुद्ध तरुण रस्त्यावर उतरले. या पथकाचा तंत्रज्ञानाशी संबंध फार थेट होता: रस्त्यात एखाद्याकडे लॅपटॉप किंवा महागडा फोन दिसला की त्याला ऑनलाइन भामटा ठरवायचे आणि पैसे उकळायचे. फेमिनिस्ट कोअलिशनने आंदोलकांच्या जेवणासाठी, दवाखान्यासाठी, वकिलांसाठी वर्गणी सुरू केली. बँक खाते बंद पडले, पैसे घेण्याची ऑनलाइन सोयही तुटली. मग त्यांनी बिटकॉइनचा रस्ता धरला आणि ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांनी ती लिंक पुढे पाठवली. २० ऑक्टोबरला लागोसच्या लेक्की टोलनाक्यावर जमावावर गोळीबार झाला. दोन दिवसांनी गटाने वर्गणी थांबवली. तोवर सुमारे १४ कोटी ७० लाख नायरा जमले होते, आणि आलेल्या-गेलेल्या पैशाचा हिशेब गट लोकांसमोर ठेवत होता. ज्या देशात वर्गणीचा हिशेब मागण्याची कुणी तसदी घेत नाही, तिथे याचे अप्रूप वाटणारच. (तिथेच कशाला म्हणा.)

पुढच्या वर्षी ओदुनायो आणि एलोहो ओमामे यांनी ‘फर्स्टचेक आफ्रिका’ ही गुंतवणूक संस्था सुरू केली. ओमामे त्याआधी एंडेव्हर नायजेरियाच्या प्रमुख होत्या, म्हणजे उद्योजक आणि पैसा यांची गाठ कशी पडते हे त्यांनी जवळून पाहिलेले. फर्स्टचेकची कल्पना नावातच आहे. कंपनी कागदावर असताना, ग्राहक मोजके असताना पहिला चेक द्यायचा, साधारण २५ हजार डॉलरपर्यंतचा, आणि तो बाईच्या कंपनीला द्यायचा. याच काळात पुरुष संस्थापकांना मित्र, नातलग, जुने वरिष्ठ मदत करतात. बायकांची पंचाईत नेमकी इथेच होते. लागोसमध्ये घरी येऊन रक्ताचे नमुने नेणाऱ्या हेल्थट्रॅकामध्ये, इफेओलुवा डेअर-जॉन्सन हिच्या कंपनीत, फर्स्टचेकने असेच पैसे घातले.

या पद्धतीला मर्यादा आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. २५ हजार डॉलरनी सुरुवात होते; लाखांचा पुढचा चेक पुन्हा त्याच जुन्या टेबलावरून यायचा असतो. त्यातून २०२२ नंतर जगभर भांडवल आटले आणि २०२३ मध्ये नायराचा दर मोकळा सोडल्यावर तो असा घसरला, की नायरात कमावणाऱ्या आणि डॉलरमध्ये हिशेब द्याव्या लागणाऱ्या प्रत्येक कंपनीचे गणित विस्कटले. पिगीव्हेस्टवर निष्ठेने नायरा साठवणाऱ्यांनाही त्याची झळ लागली. डॉलरमध्ये बचत करण्याची सोय ॲपवर होती, पण ती सगळ्यांनी थोडीच वापरली होती. ओमामे २०२२ मध्ये टीएलकॉम या मोठ्या फंडात भागीदार झाल्या. टेबलाच्या त्या बाजूला एक खुर्ची तरी भरली.

‘बायकांच्या कंपन्यांतून परतावा कुठे येतो?’ असे गुंतवणूकदार अजूनही विचारतात, तेव्हा लागोसमध्ये एक नाव घेता येते. फुंके ओपेके अमेरिकेत व्हेरायझनमधली नोकरी सोडून मायदेशी आल्या आणि तिथले रडतखडत चालणारे इंटरनेट पाहून २००८ मध्ये त्यांनी मेनवन काढली. सुमारे २४ कोटी डॉलर उभे केले आणि पोर्तुगालपासून लागोसपर्यंत समुद्रातून ७ हजार किलोमीटरची केबल टाकली. २०१० मध्ये ती सुरू झाली. पुढच्या काळात वाढलेल्या लागोसच्या स्टार्टअपना इंटरनेट पुरवणाऱ्या वाटांपैकी ती एक. २०२२ मध्ये अमेरिकेच्या इक्विनिक्सने मेनवन ३२ कोटी डॉलरना विकत घेतली.