जोड आणि ओढ : मोडण्यासाठी घडवलेली पिन

गेल्या लेखात पिकअपच्या हौद्यात बसणारा कॅम्पर पाहिला. त्याचा मागचा भाग बंपरच्याही बाहेर येतो, म्हणून ट्रेलर जोडायला हिचची दांडी लांबवावी लागते. दांडी लांबली की तरफेच्या नियमाने मुळाशी पडणारा ताण वाढतो. मग पट्ट्या वेल्ड करून, साखळ्या चासीला बांधून जोड मजबूत केला जातो. पण जोड मजबूत झाला म्हणून ताण नाहीसा होत नाही. तो पुढच्या कमकुवत जागेवर जातो, आणि ती जागा बहुतेक वेळा चासीच असते.

हा प्रश्न मुंबईत सांताक्रूझच्या विमानतळावर फार विचारपूर्वक सोडवलेला दिसतो. टर्मिनलला नाक लावून उभे असलेले विमान स्वतःच्या बळावर मागे घेत नाहीत. टग नावाचा ट्रॅक्टर त्याला ढकलतो, म्हणजे पुशबॅक करतो. टग आणि विमानाचे पुढचे चाक यांच्यामध्ये लांब पोलादी टो-बार असतो. पूर्ण भारातले एअरबस ए-३२० सुमारे ७८ टनांचे, तर बोइंग ७७७-३००ईआर ३५१ टनांपर्यंत. प्रत्येक जातीच्या नोज गिअरची, म्हणजे पुढच्या चाकाच्या पायाची, घडण वेगळी, म्हणून टो-बारचे डोकेही वेगळे. ए-३२०चा बार ७३७ला चालवून घेता येत नाही.

या बारच्या डोक्यात शिअर पिना असतात. ढकलण्या-ओढण्याचा जोर ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की एक मोडते. टगने फार तिरका वळसा घेतला की दुसरी. मुद्दाम मोडण्यासाठीच घडवलेला हा तुकडा मला या सबंध यंत्रणेतला सर्वांत शहाणा भाग वाटतो. पिन थोड्या वेळात बदलता येते. नोज गिअर वाकले तर विमान सेवेतून बाहेर जाते, आणि न दिसणारी चीर राहिली तर धोका उड्डाणापर्यंत जातो. म्हणून मोडलेल्या पिनच्या जागी हाताला लागेल तो जाड बोल्ट ठोकणे म्हणजे फ्यूजमध्ये जाड तार घालणे. हिच निवडतानाही आधी हेच ठरवायला हवे: अतिताण आला तर काय मोडावे, आणि काय कधीच मोडू नये?

पिन मोडली की विमान सुटे होऊ शकते. म्हणून टोइंगच्या वेळी कॉकपिटमध्ये ब्रेक सांभाळणारा माणूस लागतो, आणि निघण्याआधी ब्रेकचा दाब तपासतात. त्याने ब्रेकही हळूच लावायचा असतो. विमानाचे स्वतःचे स्टिअरिंग बायपास पिन घालून मोकळे केलेले असते. ती घालायची राहिली तर टग एकीकडे आणि चाक दुसरीकडे जोर लावते, बार झटक्याने फिरतो आणि जवळचा माणूस जायबंदी होऊ शकतो. रस्त्यावरच्या ट्रेलरला कॉकपिट नसते, म्हणून तिथे एकमेकींना छेदून बांधलेल्या सुरक्षा साखळ्या आणि जोड तुटताच आपोआप लागणारा ब्रेक हवाच.

आता पाऊस. टग किती जोराने ओढेल हे नुसत्या इंजिनावर ठरत नाही. चाकांवरचे वजन आणि जमिनीची पकड यांवर ठरते. मुंबईच्या ओल्या काँक्रीटवर ती पकड घटते, म्हणून टग मुद्दाम जड बनवतात. काही टग बारशिवाय विमानाचे पुढचे चाकच उचलून घेतात. विमानाचे काही वजन त्यांच्या चाकांवर येते आणि पकड वाढते.

टो-बारची मर्यादा कुठे संपते, तेही इथे दिसले आहे. १ जुलै २०१९च्या रात्री मुसळधार पावसात जयपूरहून आलेले बोइंग ७३७-८०० मुख्य धावपट्टी ओलांडून मऊ जमिनीत रुतले. प्रवासी सुखरूप उतरले, पण ती धावपट्टी तीन दिवसांहून अधिक बंद राहिली आणि विमान हलवायला एअर इंडियाचे खास साहित्य लागले. रुतलेले चाक ओढायला लागणारा जोर सपाट काँक्रीटवरच्या जोरापेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि नोज गिअर त्यासाठी घडवलेले नसते. अशा वेळी चिखल उपसून, खाली कडक वाट करून, दोर मुख्य गिअरच्या दोन्ही पायांना बांधतात आणि ताणमापकाकडे पाहत सावकाश ओढतात.

पुढच्या आठवड्यात : ट्रेलरचे ब्रेक.